हिरवं इंजिन आणि ह्यांचा हात

माणसं सोनं जमवतात, प्लॉट घेऊन ठेवतात, निदान टपालाची तिकिटं तरी गोळा करतात. आमच्या ह्यांनी पत्र्याची इंजिनं जमवली. दिवसभर रेल्वेत खऱ्या इंजिनांशी डोकं फोडायचं आणि सुट्टीच्या दिवशी वीतभर लांबीच्या इंजिनांची पोटं उघडून बसायचं, असा हा गृहस्थ. माहेरी कुणी विचारलं की जावईबापू रिकाम्या वेळी काय करतात, तर माझी आई "वाचन" असं सांगून मोकळी व्हायची.

त्यांना खेळणी म्हणायची मात्र सोय नव्हती. एकदा मी म्हटलं तर हे केवढ्यांदा तरी म्हणाले, "खेळणं कशाला म्हणतेस? याच्या पोटात वेग आवरायचं यंत्र बसवलंय." मी म्हटलं, "माझ्या पोटात तसलं काही बसवलेलं नाही, तेव्हा जरा जपून बोला." त्यावर हसले, पण खेळणं हा शब्द आमच्या घरातून हद्दपार झाला तो झालाच.

सगळी इंजिनं जुनी, विलायतेतली, चावीवर चालणारी. काही मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली, एक कुठल्याशा निवृत्त ड्रायव्हरच्या माळ्यावरून सोडवून आणलेलं. माझ्या लोखंडी ट्रंकेत, जिथे खरं तर माझे शालू असायला हवेत, तिथे ही मंडळी जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून निजलेली असत. शालू कपाटाच्या वरच्या खणात, कोंबून.

ह्यांची साफसफाईची रीत ठरलेली होती. रविवारी आंघोळ झाली की जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर. पांढरी अशासाठी की पडलेला स्क्रू दिसावा, आणि चादर अशासाठी की तो घरंगळून जाऊ नये. मग इंजिन मधोमध ठेवून आधी बराच वेळ नुसतं बघायचं. हात लावायचा नाही. त्यानंतर वरचं कवच सोडवायचं. या इंजिनांचं कवच पत्र्याच्या बारीक बारीक जिभांनी खालच्या सांगाड्यात अडकवलेलं असतं. जीभ सरळ केली की कवच निघतं, पुन्हा वाकवली की बसतं. पण पत्रा तो पत्रा. चार वेळा वाकवला की पाचव्यांदा तुटतो, आणि आधीच्या मालकांनी त्यातल्या किती वेळा वापरून टाकल्यात ते आपल्याला माहीत नसतं. "जीभ फार वापरू नये, तुटते," असं हे माझ्याकडे बघून म्हणायचे. कुणाला उद्देशून ते मला कळायचं.

आत चाकांच्या आसांना केस आणि धागे गुंडाळलेले असायचे. कुठल्या तरी दिवाणखान्यातल्या गालिच्याची लोकर, कुठल्या तरी बाईचा लांब सोनेरी केस, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. ते सुईनं सैल करायचे आणि चिमट्यानं ओढून काढायचे. मग दातेरी चाकांना टूथब्रशनं रॉकेल लावून जुनं काळं वंगण काढायचं, पुसायचं, वाळू द्यायचं. वरच्या कवचाला मात्र रॉकेल नाही, साबण नाही, काही नाही, कारण रंग पत्र्यावर छापलेला असतो आणि एकदा निघाला की निघाला. घट्ट पिळलेलं ओलसर फडकं फिरवायचं, बस. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी एका इंजिनाचा पितळी घुमट समईसारखा चिंचेनं घासायला घेतला होता, तेव्हा ह्यांनी माझ्या हातून ते इंजिन असं काही हिसकावून घेतलं होतं की मी दोन दिवस अबोला धरला होता. सगळ्यात शेवटी तेल. सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब, एकेका आसाला. कमी पडलं तर इंजिन कुरकुरतं, जास्त झालं तर धूळ धरतं.

मी तोंडानं काही म्हणत असले तरी त्या वेळी समोर भाजी निवडत बसायचे. ह्यांचे हात बघायला मला आवडायचं. जाड बोटं, कारखान्यातल्या कामानं राठ झालेली, नखांच्या कडेला कायमची काळी रेघ. आणि तीच बोटं त्या इवल्याशा स्क्रूंना इतक्या हळुवारपणे उचलायची. मी काही ह्यांच्या रूपावर भाळले नव्हते, आमचं लग्न रीतसर दाखवून-बघून झालेलं, पण या हातांवर माझा जीव होता हे खरं.

नव्वदच्या दशकात, ऐन मे महिन्यात, ह्यांची बदली मुंबईहून लखनऊला झाली. आम्ही दोघंही कोकणातले. हे वेंगुर्ल्याकडचे, मी रत्नागिरीची. उत्तरेत याआधी काशीयात्रेपुरतंसुद्धा कुणी गेलं नव्हतं. चारबाग स्टेशनजवळ रेल्वेच्या वसाहतीत उंच छताचं, विटांच्या अंगणाचं घर मिळालं. बाहेर लू म्हणतात तो भाजून काढणारा वारा, आत आमच्या खोक्यांचा डोंगर. अर्धं सामान कित्येक आठवडे बांधलेलंच राहिलं. उघडायची ताकद कुणाच्यात नव्हती.

मुलगी नुकतीच कॉलेजात गेली होती. पहिल्या दिवशी वर्गात तिच्या मुंबईच्या हिंदीला पोरी इतक्या हसल्या की आमच्या बाईसाहेबांनी ईर्ष्येला पेटून तिथली हिंदी उचलली. पंधरा दिवसांत घरातसुद्धा "हम" सुरू झालं. मी मराठीत विचारायचे, ती हिंदीत उत्तर द्यायची. हे तिला चिडवायचे, "एकटीच तर दिसतेस. बाकीच्या कुठे आहेत?"

त्याच उन्हाळ्यात एका रविवारी हे चौक नावाच्या जुन्या पेठेत गेले होते, मुलीसाठी चिकनच्या भरतकामाचा कुर्ता आणायला. तिथून पुढे नक्खासच्या जुन्या बाजारात शिरले आणि कुर्त्याऐवजी इंजिन घेऊन आले. कंदील आणि गंजक्या कुलुपांच्या ढिगात पडलं होतं म्हणे. हिरवंगार, काळ्या धुराड्याचं, एक बफर तुटलेला, चावी हरवलेली, पण आतली स्प्रिंग शाबूत. मुलगी कुर्त्यावरून रुसली. हे त्या भर उन्हातून आलेले, घामानं निथळत, पाणीसुद्धा न पिता मला स्प्रिंग दाखवत होते.

पुढचे दोन-तीन रविवार त्या इंजिनात गेले. एका घड्याळजीकडून चावी जुळवून आणली. एक पंखा, एक दिवा, पांढरी चादर, आणि बनियनवर बसलेले हे. जुलैत केव्हा तरी चावी देऊन इंजिन जमिनीवर सोडलं, तर ते दिवाणखान्यातून थेट माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत धावत आलं. मुलगी आनंदाच्या भरात "बाबा, धावलं! धावलं!" असं चक्क मराठीत ओरडली. इतकं गुळगुळीत, इतकं बिनआवाजी इंजिन ह्यांच्या हातून त्याआधी झालं नव्हतं. त्यानंतर कुणीही घरी आलं की ते इंजिन आलेल्या माणसासमोर धावायचं.

दिवाळीच्या सुमारास मला पहिल्यांदा दिसलं. हे सकाळी पेपर वाचत बसले होते आणि पेपरची उजवी बाजू हलत होती. पंख्याचा वारा असेल म्हणून मी वर पाहिलं, तर पंखा बंद. मग मी हात बघितला. अंगठा तर्जनीवर फिरत होता, जपमाळ ओढावी तसा, एका लयीत. ज्या माणसानं जन्मात कधी जप केला नाही त्याचा अंगठा. हाक मारल्यावर ह्यांनी पेपर खाली ठेवून कप उचलला आणि हात स्थिर झाला. तीच तर लबाडी होती त्या दुखण्याची. कामाला लावला की हात शहाण्यासारखा वागायचा, मोकळा सोडला की सुरू.

मग मला सगळंच दिसायला लागलं. शर्टाची बटणं लावायला लागणारा वेळ. बॅंकेच्या कागदांवरची सही, जी पूर्वी ओळ मोडून बाहेर जायची, ती आता मुंगीएवढी. चालताना डावा हात झुलायचा, उजवा अंगाला चिकटलेला. पुढे त्या दुखण्याला नाव मिळालं, गोळ्या मिळाल्या, आणि आम्ही त्याला घेऊन बरीच वर्षं संसार केला. पण त्या वेळी नाव नव्हतं. माझ्या एका चुलत आजोबांना कंपवात होता. मला तो शब्द ठाऊक होता आणि मी तो मनातसुद्धा उच्चारत नव्हते.

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. हे म्हणाले, थंडी पडायला लागलीय. मी म्हटलं, थंडी काय एकट्या उजव्या हाताला वाजते? हे म्हणाले, काल शेडमध्ये हातोडा फार चालवला. मी म्हटलं, साहेब झाल्यापासून तुम्ही हातोडा उचललेला मी ऐकला नाही. असं रोज. ऑफिसला जाताना हात पॅंटच्या खिशात. घरी पायजम्याला खिसा नसायचा, तर हात मांडीखाली दाबून बसायचे. एकदा मी जवळ जाऊन तो हात हातात घ्यायला गेले तर चटका बसल्यासारखा मागे ओढला. "काय बघतेस हात? ज्योतिष सांगणार आहेस?"

त्या दिवशी मीही पेटले. म्हटलं, "ज्योतिष नाही, अक्कल सांगणार आहे. भिताय तुम्ही, झालं!" हा शब्द ह्यांना फार लागला. तडक आत गेले, ट्रंक उघडली आणि ते हिरवं इंजिन आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. म्हणाले, "हे या हातांनी उघडलंय, या हातांनी जोडलंय. याच वर्षी. ज्या दिवशी हे चालायचं थांबेल, त्या दिवशी मी आपल्या पायांनी डॉक्टरकडे जाईन. तोपर्यंत हा विषय बंद."

मी हो म्हटलं. दुसरं करणार काय? तेव्हापासून माझं त्या इंजिनाशी विचित्र नातं जडलं. ते बिघडावं असं मला वाटायचं आणि बिघडू नये असंही वाटायचं, कारण मग ह्यांचं काय होईल? एकदा तर त्याचा एखादा स्क्रू आपणच ढिला करावा असं मनात आलं. ट्रंक उघडून इंजिन हातात घेतलंसुद्धा. पण कुठला स्क्रू ढिला केला की ते थांबेल ते मला कळेना, आणि पुन्हा घट्ट करता येणार नाही हे नक्की कळत होतं. ठेवून दिलं.

त्या वर्षी थंडी कशाला म्हणतात ते आम्हाला कळलं. नोव्हेंबरातच माझी खोबरेल तेलाची बाटली आतून पांढरी झाली आणि डिसेंबरात दगड. असं दगडासारखं गोठलेलं खोबरेल मी जन्मात पाहिलं नव्हतं. बाटली उलटी करून आपटली तरी थेंब पडेना. शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "जाड़ों में गरी का तेल कौन लगाता है, बहनजी? सरसों लगाइए." गरी म्हणजे आपलं खोबरं. पण त्या मोहरीच्या तेलाच्या वासानं माझ्या डोक्यात कळ जायची. तेव्हा रोज सकाळी मी बाटली शेगडीशेजारी ठेवायचे, चहा होईपर्यंत कडेकडेनं वितळेल तेवढं बोटानं काढून डोक्याला लावायचे.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मुलीच्या दोन मैत्रिणी घरी आल्या. बाहेर धुकं, आत आम्ही सगळे रजया पांघरून शेंगा खात बसलेलो. मुलीनं हौसेनं सांगितलं, बाबांचं इंजिन बघा. ह्यांनी आणलं, चावी दिली, जमिनीवर ठेवलं. चाकं अर्धा फेरा फिरली आणि थांबली. ह्यांनी बोटानं जरा ढकललं. पुन्हा थोडं हललं, थांबलं. एक पोरगी समजूतदारपणे म्हणाली, "कोई बात नहीं, अंकल." ह्यांनी इंजिन उलटं केलं, करंगळी आत घातली, बाहेर काढली आणि अंगठ्यावर घासत त्या करंगळीकडेच बघत राहिले. मग बोट रुमालाला पुसून इंजिन पेपरात गुंडाळलं.

मैत्रिणी गेल्यावर मला म्हणाले, "घे डॉक्टरची वेळ."

मी शेंगांची टरफलं गोळा करत होते. तेच पुढे म्हणाले, "हात बिघडला की असंच व्हायचं." इतकं बोलून हात धुवायला गेले.

माझंच म्हणणं खरं झालं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं. मी इतके दिवस मागत होते ते मला मिळालं होतं आणि ते मला नको होतं.

डॉक्टरांची वेळ लगेच मिळाली नाही. ते मेंदूच्या विकारांचे मोठे डॉक्टर होते, गर्दी फार. मधले दिवस सगळे धुक्याचे. सूर्य म्हणून काही असतो हे विसरायला झालं होतं. आणि हे एकदम गरीब झाले. पानात पडेल ते जेवायचे. रविवारी चादर अंथरली नाही, ट्रंक उघडली नाही. मी मुद्दाम भांडण उकरून काढलं, दुधाच्या भैयावरून, मुलीच्या उशिरा येण्यावरून, कशावरूनही, तर म्हणायचे, "बरोबर आहे तुझं." सगळ्या संसारात हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. ते ऐकलं की मला धडकी भरायची. माझा भांडकुदळ माणूस कुणीतरी उचलून नेला होता आणि त्याच्या जागी हा ऐकून घेणारा आणून बसवला होता.

डॉक्टरांकडे जायचा दिवस उजाडला तो नेमका उन्हाचा. सकाळचं धुकं विरलं आणि अंगणात असं पिवळंधमक ऊन पडलं की सगळी वसाहत खाटा घेऊन बाहेर आली. मीही रजया बाहेर काढल्या, गाद्या काढल्या, लोणच्याची बरणी, तेलाची बाटली, सगळं भिंतीच्या कट्ट्यावर मांडलं. पेपरात गुंडाळलेलं ते इंजिनही आणून उघडं करून पालथं ठेवलं. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. घरातलं जे जे गारठलं होतं ते उन्हात ठेवत होते, तसंच हेही.

मी तिथेच मटार सोलत बसले होते. केव्हा तरी पाठीमागे खर्रर्र असा आवाज झाला. खार असेल म्हणून हुसकायला वळले, तर इंजिनाची चाकं फिरत होती. हात न लावता, चावी न देता, पालथं पडलेलं इंजिन उन्हात आपलं आपण सुसाट सुटलं होतं. त्या संध्याकाळी दिलेल्या चावीचा पीळ आतच अडकून राहिला असणार. मी मटाराची टोपली खाली टाकून धावले. चाकं थांबेपर्यंत तिथेच उभी राहिले. खालच्या पेपरवर एक पारदर्शक डाग पसरला होता आणि त्याला वास येत होता.

तो वास मला झोपेतून उठवून विचारला तरी ओळखेन. माझ्या आईच्या वेणीचा वास, आमच्या देवघराच्या कोनाड्याचा वास. खोबरेल.

मग जूनमधला तो रविवार आठवला. "तेल कुठाय?" असं ह्यांनी विचारलं होतं आणि मी पोळ्या लाटता लाटता, मान न वळवता, "फडताळात बघा," म्हणाले होते. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली अजून खोक्यात बांधलेली होती. फडताळात गावाहून आलेलं तेल होतं. आमच्या दोघांच्याही घरी शिवणयंत्राला खोबरेल, कुलपाला खोबरेल, दाराच्या बिजागरीला खोबरेल, डोक्याला खोबरेल. उन्हाळ्यात ते पाण्यासारखं पातळ, म्हणून तर इंजिन इतकं गुळगुळीत धावत होतं. लखनऊच्या कुठल्याही माणसानं यंत्राच्या पोटात गरीचं तेल घातलं नसतं. दोन कोकणी माणसांनाच जमेल अशी ती चूक.

म्हणजे ह्यांचा हात चुकला नव्हता! स्क्रू बरोबर होते, जिभा बरोबर होत्या, सगळं ह्यांनी जिथल्या तिथे बसवलं होतं. मला इतका आनंद झाला की त्या तेलकट इंजिनाचा मुका घ्यायचाच काय तो बाकी राहिला. मुलगी खाटेवर अभ्यास करत होती, तिला ओरडून सांगितलं. तिनं येऊन वास घेतला, हसली, आणि मग हसता हसता एकदम थांबली.

"आई, बाबा को मत बताना," ती म्हणाली. "आज तो बिलकुल नहीं."

"अगं, पण त्यांची चूक नव्हती!"

"हमें पता है. लेकिन फिर वो जाएँगे नहीं."

खरं होतं. हे इंजिन थांबेल त्या दिवशी जाईन, असं ते म्हणाले होते. आता इंजिन चालत होतं. मी जाऊन सांगायचा अवकाश, कोट खुंटीला अडकवून म्हणाले असते, बघ, म्हटलं नव्हतं? आणि मग पुन्हा खिसा, पुन्हा मांडीखाली दाबलेला हात, आणि तो विषय कायमचा बंद. मुलीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. इतक्या दिवसांचा हट्ट सुटला होता तो या गोठलेल्या तेलापायीच.

पण दुसरीकडे ते "बरोबर आहे तुझं" मला सहन होत नव्हतं. स्वतःच्या हातावरचा विश्वास उडालेला तो माणूस माझ्यासमोर वावरत होता, आणि त्याचा हात निर्दोष असल्याचा पुरावा माझ्या अंगणात उन्हात पडला होता. तो लपवून मी त्यांना डॉक्टरांच्या दारात नेऊन उभं करायचं? डॉक्टर काय सांगतील ते सांगतील. त्याच्या आधीच खोट्यावर विश्वास ठेवून हरलेला नवरा मला तिथे न्यायचा नव्हता. मुलीला म्हटलं, "बरं, नाही सांगत." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आप बता देंगी." माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे पोरीला चांगलं माहीत होतं.

हे दुपारी जेवायला आले. मी वाढलं, इंजिनाचं काही सांगितलं नाही. मटारची उसळ छान झालीय म्हणाले, तरी मी नाही सांगितलं. जेवण झाल्यावर आत आरशासमोर उभे राहून कोट घालत होते. कोटाचं मधलं बटण काही केल्या काजात जाईना. मी दारात उभी राहून ते बघत होते, आणि मग मला राहवलंच नाही.

"अहो, इंजिन चालतंय."

ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं.

"उन्हात ठेवलं होतं मी. आपोआप चालू झालं. तुमचा हात नव्हता चुकला. खोबरेल घातलं होतंत तुम्ही, ते गोठलं होतं. बाकी सगळं ठीक आहे त्याचं." एका दमात बोलून टाकलं. मग मी डोळे मिटून वाट बघत राहिले, आता कोट निघणार म्हणून.

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले.

मी डोळे उघडले. हे अजून त्या बटणाशीच झटत होते.

"ठाऊक आहे म्हणजे?"

"अगं, बोट लावल्याबरोबर कळलं. मीच घातलं होतं ना. बोटावर घेऊन चोळलं की वितळतं, वासही येतो. जरा शेगडीजवळ धरलं असतं तर त्याच संध्याकाळी धावलं असतं."

माझा पारा चढला. इतके दिवस मी झुरत होते, नळ सोडून रडत होते, ते सगळं आठवलं. "मग का नाही धरलंत? हात बिघडला, हात बिघडला म्हणून मला—"

"हात बिघडलाच आहे," हे शांतपणे म्हणाले. "त्याचा आणि इंजिनाचा संबंध नाही, एवढंच."

ह्यांनी बटणाचा नाद सोडला, आरशाकडे पाठ केली आणि कॉटच्या कडेवर बसले.

"तुला बोलून बसलो होतो, इंजिन थांबलं तर जाईन. ते थांबलं. बरं झालं म्हटलं. इंजिन बिघडलं म्हणून जातो, हे म्हणता येत होतं. भीती वाटते म्हणून जातो, हे नव्हतं येत." मग म्हणाले, "दिवाळीपासून वाटतेय."

बाहेर मुलगी रजया झटकत होती, त्याचे धप धप आवाज येत होते. मी ह्यांच्या शेजारी जाऊन बसले. मी ज्याला इतके दिवस हट्टी म्हणत होते तो माणूस एवढे दिवस एकटा घाबरत बसला होता, माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मी त्याला भित्रा म्हणून हिणवलं तेव्हाही तो तेच करत होता.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? आता भीती वाटते म्हणून जाऊ. ऊठ, रिक्षा बघ, उशीर होईल."

मी उठले नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर मोकळा पडला होता, अंगठा तर्जनीवर फिरत होता. मी तो हातात घेतला. माझ्या हातातसुद्धा तो हलतच राहिला, पण ह्यांनी काढून घेतला नाही.